प्रयोगशाळा निवडण्यापूर्वी

तीव्र मायक्रोवेव्ह स्पंद हवेतून कसे प्रवास करतात, या विषयावर पीएच.डी. करण्यासाठी कुटुंबासह परदेशी जावे का, असे तुम्ही विचारले आहे. शिष्यवृत्तीचे आणि व्हिसाचे नियम तुम्हाला कुठेही मिळतील, म्हणून त्याखेरीजचे लिहितो.

समुद्रसपाटीच्या दाबाला विद्युत क्षेत्र मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टपर्यंत, म्हणजे तीव्रता चौरस सेंटिमीटरला साधारण १ मेगावॅटपर्यंत गेली, की ऑक्सिजनला चिकटून जितके इलेक्ट्रॉन कमी होतात त्याहून वेगाने नवे सुटू लागतात आणि हवेचे विद्युत-भंजन होते, म्हणजे एरवी वीज न वाहणारी हवा वीजवाहक बनते. स्पंदाचा पुढचा भाग तोवर निघून गेलेला असतो. त्याच्या मागे तयार झालेला प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांनी आणि आयनांनी भरलेला वायू, स्पंदाच्या शेपटाकडची ऊर्जा शोषतो आणि परावर्तित करतो, त्यामुळे स्रोताची शक्ती वाढवत नेली तरी पलीकडे पोहोचणारा स्पंद आखूडच होत जातो. काही नॅनोसेकंदांच्या स्पंदात इलेक्ट्रॉन वाढायला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून त्याची भंजनाची मर्यादा वरची असते. मात्र हे सारे सुरू करणारा पहिला इलेक्ट्रॉन त्या क्षणी त्या जागी असेलच असे नाही, आणि म्हणून सारख्याच तीव्रतेचे लागोपाठचे दोन स्पंद वेगळे वागू शकतात. ही अनिश्चितता स्वतः मोजल्याशिवाय पुरती उमगत नाही.

नेमके तेच मला मिळाले नाही. या संशोधनाचा संरक्षणाशी संबंध येत असल्याने परदेशी नागरिक म्हणून मला मोठ्या स्रोताच्या दालनात प्रवेश नव्हता. मी संगणकावर प्रारूपे केली आणि मोजमापे इतरांनी घेतली. त्या प्रारूपांचा उपयोग झाला, तरी खंत गेलेली नाही. त्याआधी, केवळ विषयाचे शीर्षक वाचून माझा व्हिसाचा अर्ज अधिक तपासणीसाठी अडकला, तोवर तिथले शालेय वर्ष सुरू झाले, आणि उशिरा पोहोचलेल्या माझ्या मुलीला, गणितात ती पुढे असतानाही, भाषेचे कारण देऊन एक इयत्ता खाली बसवले. ती ते विसरली आहे. मला ते आजही सलते. एकटेपणाची मात्र धास्ती घेऊ नका, कामात तो निभावतो.

प्रवेश स्वीकारण्यापूर्वी मार्गदर्शकांना लेखी विचारा, की मोजमापे तुम्ही स्वतः घेणार का, आणि पहिले इलेक्ट्रॉन अतिनील प्रकाशाने पुरवले जातात की नशिबावर सोडले जातात. उत्तर संदिग्ध आले तर लहान विद्यापीठ निवडा. ३ गिगाहर्ट्झला हवेच्या भंजनाची मर्यादा ४ टॉरच्या (समुद्रसपाटीच्या दाबाच्या सुमारे दोनशेव्या भागाच्या) आसपास सर्वांत खाली येते, त्यामुळे निर्वात कक्ष आणि साधा मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह निर्माण करणारी नळी, असला तरी तिथे भंजनाचा अभ्यास प्रत्यक्ष करता येतो.