सदाफुली, हळद, भिरंड: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

बाबांची डायबेटिसची गोळी चालू आहे, तरी शेजारच्या मावशींनी सांगितलं म्हणून रोज सकाळी सदाफुलीची पानं चावून खातात. चालेल ना? (डिचोली)

नाही चालणार, आधी बंद करायला सांगा. सदाफुलीत विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन असतात, ही कॅन्सरची औषधं आहेत, हॉस्पिटलात मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, कारण एकाने हातापायांच्या नसा बधिर होतात आणि दुसऱ्याने पांढऱ्या पेशी घसरतात. गंमत बघा, १९५०च्या दशकात कॅनडात हे झाड डायबेटिससाठीच तपासत होते, प्राण्यांची साखर काही उतरली नाही, उतरल्या त्या पांढऱ्या पेशी, आणि तिथूनच कॅन्सरच्या औषधाची वाट सापडली! पानात हे द्रव्य अगदी थोडं असतं हे खरं, पण कुठल्या पानात किती ते घरात कोण मोजणार?

गुडघ्यांसाठी हळदीच्या कॅप्सूल घेऊ का? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. (फोंडा)

हुमणातली (माशांच्या आमटीतली) हळद बिनधास्त खा. तिच्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, साधारण ३ टक्के आणि तेसुद्धा पोटातून रक्तात फारसं जात नाही, म्हणून तर कंपन्या कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या १९९८च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत फक्त २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर रक्तात पोचणारं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढलं. पण पायपरिन हे करतं कसं, तर लिव्हरचं औषधं मोडायचं काम मंदावून, मग तुमच्या बाकीच्या गोळ्याही अंगात जास्त वेळ राहू शकतात. गुडघेदुखीत कर्क्युमिनने थोडा आराम पडल्याचे छोटे अभ्यास आहेत, मी नाकारत नाही, पण वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये, रक्तस्रावाची भीती असते. या कॅप्सूलने काहींच्या लिव्हरलाही इजा झालीय, लघवी गडद झाली की लगेच बंद.

भिरंडाच्या (कोकमाच्या) कॅप्सूलने वजन उतरतं का? (म्हापसा)

फारसं नाही. त्यातलं हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड साखरेची चरबी बनवणारं एन्झाइम अडवतं, टेस्ट ट्यूबमध्ये छान दिसतं, माणसात फरक जेमतेम. शिवाय बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूल आपल्या भिरंडाच्या नसतातच, मलबारी चिंचेच्या असतात, आणि त्यांनीही लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत. सोलकढी प्या की, फक्त बीपी असेल तर आगळ (भिरंडाचा घट्ट रस) जपून, मीठ भरपूर असतं.

तापाला किरायत्याचा (या कडू झाडपाल्याचा) काढा चालेल का? (वाळपई)

गरोदर बाईला अजिबात नको. बाकीच्यांनी कडू सोसत असेल तर प्यावा, पण पावसाळ्यात ताप आला की आधी मलेरिया-डेंग्यूची टेस्ट, काढा नंतर.