समुद्रातले काँक्रीटचे तेलमंच पुलासारखे पाडून का नेत नाहीत?

प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्या नागपुरात रेल्वे स्थानकासमोरचा उड्डाणपूल पाडला, तसं तिथे का नाही? मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून थोडक्यात सांगतो.

वरचा यंत्रांचा मजला काढतातच. उत्तर समुद्रातल्या ब्रेंट डेल्टा या तेलमंचाचा सुमारे २४,००० टनांचा मजला २०१७ मध्ये एका महाकाय जहाजाने एकाच वेळी उचलून नेला. अडतं ते खालच्या पायांपाशी. ते साधारण ३ लाख टनांचे, आत ताणलेल्या पोलादी तारा, आणि नुसत्या वजनावर तळाशी बसलेले. बांधल्यावर तरंगत नेऊन बुडवले होते, मग परत का तरंगवत नाहीत? कारण जुने सांगाडे उलट्या प्रवासासाठी आखलेलेच नव्हते. तळ चिकणमातीत रुतलाय, पाइप गंजलेत. अर्ध्या वाटेत पाणी शिरलं तर माणसांच्या जिवावर बेतेल. पाण्याखाली कापणंही तितकंच धोक्याचं.

म्हणून १९९८ च्या ऑस्पार (ईशान्य अटलांटिक समुद्राच्या रक्षणाचा युरोपीय देशांचा करार) निर्णयाने मंच समुद्रात सोडायला बंदी घातली, तरी काँक्रीटच्या पायांसाठी प्रत्येक प्रकरण तपासून सूट देता येते. नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रातली काँक्रीटची टाकी तशीच उभी आहे.

माझ्या मते पाय राहू द्यावेत, पण ब्रेंटच्या तळाशी साठवण-कोठ्यांत तेलकट गाळ आहे, त्याचा प्रश्न त्यात मिसळू नये. काँक्रीट शेकडो वर्षांनी ढासळेल तेव्हा तो बाहेर येणारच. खरा वाद तिथे आहे.

आपल्या मुंबई हायवरचे मंच पोलादी आहेत, त्यामुळे तिथलं गणित वेगळं.