टॉवर की पथदिवा, जास्त काळजी कशाची?

तुम्ही विचारलंय की नागपुरात घेतलेल्या फ्लॅटसमोर मोबाईल टॉवर आहे आणि बेडरूमच्या खिडकीत पथदिवा, तर आधी कशाच्या मागे लागावं? माझं मत: दिव्याच्या.

टॉवरचं आधी सांगतो. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर फी भरून मोजणी मागवता येते. एवढं केलं की पुरे. अँटेनाचा झोत जवळपास आडवा जातो, त्यामुळे टॉवरच्या अगदी पायथ्याशी तो कमीच असतो. घर अँटेनाच्याच उंचीवर, समोरासमोर असेल तर मोजणी जरूर करा.

दिवा मात्र रोज झोपेवर घाला घालतो. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकायचो, पण पांढरा एलईडी लागल्यापासून डोळ्यांवर ओढणी घेतल्याशिवाय झोप येत नाही. त्यातला निळसर प्रकाश मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, दाबतो. महापालिकेकडे लेखी तक्रार करा आणि तीन गोष्टी मागा: वरून झाकण, तोंड सरळ जमिनीकडे, आणि ३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप) किंवा त्याहून कमीचा पिवळसर दिवा. दिवा बंद करा म्हणू नका, रस्ता अंधारात नको.

हे काही परदेशातलं स्वप्न नाही. आपल्याच जिल्ह्यातलं पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणारं उद्यान, झालं, त्यासाठी तिथल्या गावांतले पथदिवे खाली तोंड करणारे बसवले. नव्या लेआउटला मंजुरी देतानाच ही अट घालायला हवी, नंतर खांब बदलणं फार महाग पडतं.