रत्नागिरीत गुंतवणूक म्हणून फ्लॅट घ्यावा का? माझं मत, जरा सविस्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात राहता, हातात बारा-तेरा लाख आहेत, बाकी कर्ज काढून रत्नागिरीत ३८ लाखांचा बांधकाम चालू असलेला टू बीएचके बघून ठेवलाय. सेल्सवाल्याने सांगितलंय की विमानतळ आणि चौपदरी हायवे झाला की पाच वर्षांत भाव दुप्पट, वर ताबा मिळाल्यापासून तीन वर्षं महिना १५ हजार भाड्याची हमी. आणि पुढेमागे आईबाबा तिथे राहतील असंही तुम्ही लिहिलंय.

सरळ सांगतो, निव्वळ गुंतवणूक म्हणून असेल तर या भावात घेऊ नका. आईबाबा खरंच राहणार असतील तर गोष्ट वेगळी, त्यावर खाली लिहितो.

आधी भाव दुप्पट होण्याचं बघू. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास १५ टक्के वाढ, आणि ती कोणीतरी दिली पाहिजे ना, म्हणजे पाच वर्षांनी ७६ लाख देऊन पाच वर्षं जुना फ्लॅट घेणारा माणूस रत्नागिरीत उभा पाहिजे. तो कोण? जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला साधारण १६.९७ लाख होती ती २०११ च्या जनगणनेत १६.१५ लाखांवर आली, म्हणजे वाढायच्या ऐवजी कमी झाली, अख्ख्या महाराष्ट्रात माणसं वाढत असताना. तरुण पोरं मुंबई-पुण्याला जातात हे इथल्या प्रत्येक घरात दिसतं. शहर वाढतंय, नाही असं नाही, पण ते वाढतं आजूबाजूच्या तालुक्यांतून शाळा-दवाखान्यासाठी येणाऱ्या लोकांमुळे आणि मुंबईहून निवृत्त होऊन परत येणाऱ्यांमुळे. या लोकांचं बजेट ठरलेलं असतं आणि त्यांना जुन्या फ्लॅटच्या शेजारी तेवढ्याच पैशात नवीन बिल्डिंग मिळत असेल तर ते नवीनच घेतात. त्यामुळे रिसेल हा इथला सगळ्यात कच्चा दुवा आहे, घेताना चार जण मागे लागतात आणि विकताना महिनोन्महिने फोन येत नाही.

आता त्या विमानतळ-हायवेच्या घोषणांबद्दल, कारण कोकणात जागेचा भाव बऱ्याचदा घोषणेवर चढतो. जिल्ह्यातल्याच नाणारला २०१७ मध्ये रिफायनरीसाठी अधिसूचना निघाली, बाहेरच्या लोकांनी जमिनी उचलल्या, २०१९ मध्ये अधिसूचनाच रद्द झाली. जैतापूरच्या अणुप्रकल्पाचं नाव मी गेली कितीतरी वर्षं ऐकतोय, जमीन संपादन होऊन जमाना झाला. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाला २०११ च्या सुमारास सुरुवात झाली आणि नंतर किती वर्षं रखडलं ते दर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला विचारा. शेजारच्या सिंधुदुर्गात चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पण तिथली सेवा सलग टिकलेली नाही, आणि विमान आलं म्हणून कुडाळ-मालवणचा साधा टू बीएचके दुप्पट झाला असं काही झालं नाही. रत्नागिरीचा विमानतळ झाला तर मला आनंदच आहे, हायवे तर व्हायलाच हवा. पण हे सगळं तुमच्या ३८ लाखांत आधीच धरलेलं आहे हे लक्षात घ्या, बिल्डर उद्याचा भाव आजच लावतो.

अलिबागशी तुलना करू नका. तिथे मांडव्याला मुंबईहून रो-रो, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट येते आणि शनिवार-रविवारचा पैसेवाला ग्राहक आहे. रत्नागिरी मुंबईपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, दर वीकेंडला कोण येणार.

भाड्याचं गणित कागदावर मांडा. ३८ लाखांवर मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, सोसायटीचे डिपॉझिट, वकील असं सगळं धरलं तर ४१ च्या आसपास जाल. हमी बाजूला ठेवून खरं भाडं धरा, समजा ९ हजार, आणि वर्षातून एक महिना रिकामा. ९९ हजार आले. त्यातून मेंटेनन्स महिना दीड हजार, घरपट्टी वगैरे वजा केली की हातात ७५ हजार उरतात, म्हणजे ४१ लाखांवर दोन टक्केसुद्धा नाही. कर्जाचं व्याज याच्या कितीतरी पट असताना ही तूट दर महिन्याला पगारातून भरायची. पुढे विकून फायदा झालाच तर त्यावर साडेबारा टक्के कर आहे, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईची वजावट न धरता.

आणि ती १५ हजारांची हमी म्हणजे तीन वर्षांचे ५ लाख ४० हजार, खऱ्या भाड्यापेक्षा साधारण दोन लाख जास्त, ते किमतीत आधीच घातलेले असणार. बिल्डरला सांगा, हमी नको, किंमत दोन लाखांनी कमी करा. काय उत्तर देतो ते बघा. हमी हवीच असेल तर ती नोंदणीकृत करारनाम्यात लिहून घ्या, वेगळ्या लेटरहेडवरच्या कागदाच्या भरवशावर राहू नका.

भाडेकरू कुठे मिळतो तेही सांगतो. बदलीवर आलेले सरकारी आणि बँकेचे लोक, सिव्हिल हॉस्पिटलचा आणि २०२३ ला सुरू झालेल्या सरकारी मेडिकल कॉलेजचा स्टाफ, कॉलेजची मुलं, मिरजोळे एमआयडीसीतले कामगार. या सगळ्यांना मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे रोड, शिवाजीनगर असा भाग लागतो, जिथून रिक्षाने सगळं जवळ. समुद्र दिसतो म्हणून कोणी दोन हजार जास्त देत नाही, इथे समुद्र सगळ्यांचाच आहे. शहरालगतच्या मिऱ्या किनाऱ्याकडे तर समुद्र जमीन खातो, म्हणून तिथे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं काम काढावं लागलं. समुद्राच्या किंवा खाडीच्या जवळ काही बघत असाल तर सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याच्या, नकाशावर तो सर्व्हे नंबर कुठे येतो हे आधी तपासा.

आता पाणी. शहराला शीळ आणि पानवल धरणातून येतं, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडूनही मे महिन्यात एक दिवसाआड पाणी हा प्रकार इथे झालेला आहे. कातळ आहे हो सगळा, पाणी मुरत नाही, वाहून जातं. नाचणे, कुवारबाव, शिरगाव, खेडशी या बाजूला रत्नागिरी म्हणूनच जाहिरात होते पण त्या ग्रामपंचायती आहेत आणि त्यांचं पाणी वेगळं. त्यामुळे बिल्डिंगला नळजोडणी कोणाची, विहीर किंवा बोअर मे महिन्यात किती चालते, टँकरचा खर्च कोण करतो हे विचारा, आणि बिल्डरला नको, शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा.

साइट जुलैत बघा ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. डिसेंबरात सगळ्या बिल्डिंगी छान दिसतात. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या भिंतीवर चार महिने पाणी आपटतं आणि बांधकाम कच्चं असेल तर दुसऱ्याच वर्षी आतून पोपडे येतात. त्याच बिल्डरची सात-आठ वर्षं जुनी बिल्डिंग शोधा, गॅलरीचा खालचा भाग आणि पार्किंगमधले कॉलम बघा, खाऱ्या हवेने सळई गंजली की काँक्रीट फुगून तडकतं आणि तपकिरी ओघळ दिसतात. गच्चीवर पत्र्याची शेड आहे का तेही बघा, नसेल तर वरचा मजला घेऊच नका. बंद ठेवलेल्या फ्लॅटला तर बुरशी चढते, कपाटं, गाद्या सगळं जातं, म्हणजे पुण्यात बसून "घेऊन ठेवू" हा प्रकार इथे चालत नाही, कोणीतरी येऊन उघडझाप केली पाहिजे.

कागदपत्रांत इथला खास घोळ म्हणजे सामाईक सातबारा. एकाच जागेवर वीस-वीस नावं, निम्मी मुंबईला, काही वारलेली आणि वारस लागलेले नाहीत, शिवाय जुनी कुळं. त्यामुळे किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींची तपासणी, स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या, फेरफार वाचायला लावा, बिनशेतीचा आदेश बघा. ग्रामपंचायतीची नुसती ना-हरकत म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर आहे का बघा, २०२३ च्या ऑगस्टपासून जाहिरातीवर क्यूआर कोड टाकणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला की मंजूर नकाशा, ताब्याची तारीख, खटले सगळं दिसतं. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडे अशा छोट्या बिल्डिंगी खूप आहेत, तिथे सगळी तपासणी तुमच्यावरच आली. रेराच्या प्रोजेक्टमध्ये करार नोंदवल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, तेव्हा "आधी पाच लाख भरा, ऑफर संपतेय" म्हणाला तर उठून या.

आईबाबांसाठी असेल तर मी घ्या म्हणेन, पण हा नाही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळालेला तयार फ्लॅट बघा, त्याला जीएसटीही लागत नाही आणि दोन पावसाळे काढलेला असेल तर भिंती स्वतःच सगळं सांगतात. पहिला किंवा दुसरा मजला, सिव्हिल आणि बाजार रिक्षाच्या टप्प्यात, लिफ्टला जनरेटर आहे का हे नक्की विचारा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा बऱ्याच भागात वीज दिवसचे दिवस नव्हती, आणि लिफ्ट बंद तर पंपही बंद, चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे फार हाल झाले. शक्य असेल तर आधी जून ते सप्टेंबर भाड्याने घेऊन दोघांना राहू द्या. त्यांना तो पाऊस, ती ओल आणि सातनंतरची शांतता मानवली तर दिवाळीनंतर खरेदीला लागा, तोवर भाव कुठे पळून जात नाही.