चर्चगेटच्या पुढे कुलाब्याला खरेच रेल्वे टर्मिनस होते का? असल्यास ते का बंद झाले आणि आज तिथे काय दिसते?

होते. बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीचे, ते मुंबईतील अखेरचे स्थानक होते आणि त्याची मोठी इमारत १८९६ साली प्रवाशांसाठी खुली झाली. हा प्रश्न आमच्या घरात तीस वर्षे भांडणाचा विषय होता, म्हणून उत्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझे आजोबा फोंड्याहून मुंबईला गेले आणि कुलाब्यातील कापसाच्या एका गोदामात कारकून म्हणून लागले. ते ग्रँट रोडहून रोज लोकलने कुलाब्याला उतरत. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, तेव्हापासून धोतरावर कोळशाच्या ठिणग्या पडणे थांबले, आणि मरीन लाइन्स सोडल्यावर उजव्या खिडकीतून समुद्र दिसे, असे ते सांगत. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे घर जमले की माझे काका माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) बसून चारचौघांत म्हणत, "बाबांना भास होतात, गाडी चर्चगेटच्या पुढे कधी गेलीच नाही." आजोबा गप्प बसत. ते गेल्यानंतर त्यांच्या जुन्या पंचांगात मला त्यांचा १९२९ सालचा मासिक पास सापडला. वाळवीने एक कोपरा खाल्लेला होता, पण ग्रँट रोड आणि कुलाबा ही दोन्ही नावे स्वच्छ वाचता येत होती. काकांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता परत दिला.

बंद होण्याचे कारण म्हणजे बॅकबेची भरणी. समुद्र हटवून मिळवलेल्या नव्या जमिनीच्या आड हे रूळ येत होते, म्हणून सरकारला चर्चगेटच्या दक्षिणेचा मार्ग नको होता. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी १८ डिसेंबर १९३० रोजी मुंबई सेंट्रल उघडले आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री कुलाबा बंद झाले. चालते स्थानक असे पुसून टाकणे मला आजही अन्यायाचे वाटते, कारण आजोबांसारख्यांना दुसऱ्या दिवसापासून चर्चगेटहून पायपीट करावी लागली.

आज त्या जागी बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. बॅलार्ड पिअरचे बंद झालेले स्थानक वेगळे, त्याच्याशी गल्लत करू नये. एका पासावरून आजोबांची प्रत्येक आठवण खरी ठरत नाही, हे मला मान्य आहे. तरीही आपल्या घरातील वृद्ध अशा एखाद्या स्थानकाचे नाव घेत असतील, तर आधी त्यांची पंचांगे आणि ट्रंका उघडून पाहा, चारचौघांत त्यांना खोटे पाडू नका. तो पास माझ्यापाशी आहे आणि काकांच्या मुलांना तो पाहायचा असेल तर येत्या चवथीला मी तो माटोळीखालीच दाखवीन.