मानसा मूसाच्या दानामुळे कैरोत सोन्याचा भाव खरंच पडला होता का?
हो, पडला होता, पण त्यामुळे इजिप्तची अर्थव्यवस्थाच बुडाली वगैरे जे सांगतात, ते अजिबात खरं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्याचा हा राजा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने तिथल्या सुलतानाच्या दरबाऱ्यांना सढळ हाताने सोनं वाटलं. काही वर्षांनी अल-उमरी या इतिहासकाराने कैरोतल्याच लोकांना विचारून लिहून ठेवलंय: आधी एका मिस्कालला, म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम सोन्याला, २५ दिरहमांपेक्षा (चांदीच्या नाण्यांपेक्षा) कमी कधी येत नसत, नंतर भाव २२ किंवा त्याहून खाली आला, तो १२ वर्षांनीही तसाच. म्हणजे घसरण साधारण १२ टक्के किंवा थोडी जास्त. परतताना तर मूसाचंच सोनं संपलं होतं, कैरोच्या व्यापाऱ्यांकडून त्याला जबर व्याजाने कर्ज काढावं लागलं! फक्त सगळी घसरण एकट्या मूसाच्या नावावर टाकू नका. तिथले भाव एरवीही खालीवर होत असत.