जांभळं प्रथिन आणि पत्र्याखालच्या सीड्या

मोबाइलवर जांभळ्या डिस्कचा एक मेसेज फिरतो आहे. त्यामुळे या वेळच्या टपालात निम्मी पत्रं एकाच विषयाची आली. सगळ्यांना मिळून उत्तरं देतो.

प्रश्न : प्रथिनापासून बनवलेली ५० टेराबाइटची डिस्क पुण्यात मिळते म्हणे. सोलापुरात कधी येईल? (जुळे सोलापूर)

पुण्यातही मिळत नाही. ही बातमी २००६ सालची आहे. बातमी झाली, डिस्क बाजारात आली नाही. कुणी ॲडव्हान्स मागत असेल तर देऊ नका.

प्रश्न : प्रथिन माहिती ‘लक्षात’ ठेवतं म्हणजे नेमकं काय करतं? (बारावी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी)

प्रश्न आवडला. मिठागरांचं पाणी कधीकधी गुलाबी-जांभळं दिसतं. त्या खारट पाण्यात राहणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाच्या पेशीच्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळं प्रथिन असतं. ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी ते १९७१ साली ओळखलं. त्याच्या पोटात ‘अ’ जीवनसत्त्वाचं भावंड असलेला रेटिनल हा रेणू बसलेला असतो. हिरवा-पिवळा प्रकाश पडला की रेटिनल वाकतो, प्रथिन काही अवस्थांतून जातं आणि साधारण १० मिलिसेकंदांत पुन्हा मूळ जागी येतं. म्हणजे एवढ्यात विसरूनही जातं!

अमेरिकेतल्या रॉबर्ट बर्ज यांनी यावर युक्ती काढली. चक्राच्या शेवटाकडे ‘ओ’ नावाची अवस्था येते. नेमकं तेव्हा लाल लेझर मारलं तर प्रथिन आडवाटेला लागून ‘क्यू’ अवस्थेत जातं आणि तिथे दीर्घकाळ टिकतं. मूळ अवस्था म्हणजे शून्य, ‘क्यू’ म्हणजे एक. पुसायला निळा प्रकाश. दोन किरण जिथे एकमेकांना छेदतील तिथेच लिहिलं जात असल्यामुळे माहिती पृष्ठभागापुरती न राहता ठोकळ्याच्या आतही मावते. अडचण अशी की त्या आडवाटेला फार थोडे रेणू लागतात आणि ठोकळा सगळीकडे एकसारखा बनवणं महाकठीण. बाकीचं तुमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारा, फळ्यावर आकृती काढून घ्या.

प्रश्न : असा सूक्ष्मजीव घरात ठेवल्यास आजार होईल का? (विजापूर रोड)

नाही. त्याला जवळजवळ लोणच्याच्या खारासारखं पाणी लागतं, साध्या पाण्यात तो फुटतो. प्रयोगशाळेत जांभळं पटल वेगळं काढतात ते असंच, पेशी शुद्ध पाण्यात फोडून. तरी कॉलेजच्या प्रकल्पासाठी तो वाढवणार असाल, तर मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा-प्रमुख यांच्या परवानगीशिवाय काही करू नका. आणि लेझर डोळ्यांच्या रेषेत तर अजिबात नको.

प्रश्न : आमचा चादरींचा कारखाना आहे. जेकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) वीस वर्षांची डिझाइनं सीडीवर आहेत, काही सीड्या आता उघडत नाहीत. प्रथिनाची डिस्क येईपर्यंत थांबावं का? दुकानदार म्हणतो, त्याची ‘शंभर वर्षांची’ सीडी घ्या. (साखर पेठ)

थांबू नका! वर्षानुवर्षं हेच पत्र वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येतं आणि प्रत्येक वेळी आणखी चार सीड्या गेलेल्या असतात.

घरी लिहिलेल्या सीडीत माहिती असते ती रंगद्रव्याच्या पातळ थरात. हा थरही प्रकाशसंवेदीच, म्हणून तर लेझरने लिहिता येतं. आणि म्हणूनच ऊन आणि उष्णता तो फिका करतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. ‘शंभर वर्षं’ हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीवरून काढलेला अंदाज असतो, आणि त्या चाचणीत तुमची शेड नव्हती. गाडीच्या जाहिरातीतल्या मायलेजसारखं ते वाचा.

टूथपेस्टचा उपाय ऐकला असेल. खालच्या प्लास्टिकवरच्या ओरखड्याला तो थोडाफार चालतो, फिकट रंगद्रव्याला नाही. सीडीची खरी नाजूक बाजू छापील नावाची. चकाकणारा थर तिथे लाखेच्या पातळ पापुद्र्याखालीच असतो, त्यामुळे त्यावर बॉलपेनने ‘मोर-बुट्टा, फायनल’ असं लिहिणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आजच उघडणाऱ्या सगळ्या सीड्या दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, आणि त्यातली एक कारखान्याबाहेर, घरी ठेवा. न उघडणारी सीडी पुन्हा पुन्हा घालू नका, तडा गेलेली तर ड्राइव्हमध्ये फुटेल. तिच्यासाठी डेटा रिकव्हरीवाल्याला भेटा, पैसे आधी ठरवून घ्या. डिझाइनच्या फाइली ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात तेही जपा. तुमच्या वडिलांची पुठ्ठ्याची भोकं पाडलेली जेकार्ड कार्डं माळ्यावर असतील, ती रद्दीत घालू नका. भोक आहे की नाही, एवढं डोळ्यांनीही वाचता येतं. तेवढी सोय प्रथिनात नाही.

प्रश्न : ‘बायो-मेमरी’ कंपनीत गुंतवणूक केली तर दोन वर्षांत दुप्पट होईल, असं एजंट सांगतो. (होटगी रोड)

तो सांगणारच. सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा.

प्रश्न : हे प्रथिन डोळ्यातल्यासारखंच आहे ना? मग आईच्या मोतीबिंदूवर त्याचा उपयोग होईल? (बाळे)

नाही. मोतीबिंदू हा भिंगाचा विकार आहे. २०२१ साली प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक डोळ्यात सोडून एका अंध रुग्णाला अंशतः दिसू लागलं. पण प्रथिन वेगळं, आणि त्याचा आजारही वेगळा, दृष्टिपटलाचा. आईंना या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. ऑपरेशन सांगितलं तर गड्ड्याची जत्रा होऊ दे म्हणून पुढे ढकलू नका.